सर्व्हे आपण भरायचा, मग त्याचा डेटा दुसऱ्या कॉलेजला कशाला?

प्रश्न : मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विद्यार्थी प्रतिनिधी पण आहे. आमचं आणि आणखी काही लॉ कॉलेजं मिळून विद्यार्थ्यांचा एकच सर्व्हे घेणार आहेत आणि डेटा एकमेकांना देणार आहेत. अभ्यासाचे तास, शिक्षकांशी बोलणं होतं का, कर्ज किती, टेन्शन, झोप असं सगळं त्यात आहे. मुलं मला विचारतायत की आमची उत्तरं परक्या कॉलेजला कशाला, आणि कुणी काय लिहिलं ते कळलं तर? मी त्यांना भरा म्हणू की नको?

उत्तर : भरा म्हणा, पण आधी कॉलेजकडून काही गोष्टी लेखी घ्या, त्या खाली सांगतोच.

आधी कशाला ते बघू. एकट्या कॉलेजने सर्व्हे घेतला की आकडा मिळतो पण तो जास्त की कमी हेच ठरवता येत नाही. समजा निम्म्या मुलांनी लिहिलं की शिक्षकांकडून वेळेवर फीडबॅक मिळत नाही, तर हे तुमच्याच कॉलेजचं दुखणं आहे की लॉ शिकवायची पद्धतच तशी आहे? शेजारचा आकडा समोर असल्याशिवाय कळणार कसं? अमेरिकेत यासाठी लॉ स्कूल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट नावाचा सर्व्हे 2004 पासून चालतो, इंडियाना युनिव्हर्सिटीतून. आतापर्यंत 200 हून जास्त लॉ स्कूल्सनी त्यात भाग घेतलाय. प्रश्न सगळीकडे तेच, आणि प्रत्येक कॉलेजला आपल्या आकड्यांबरोबर इतरांचे एकत्र केलेले आकडे तुलनेला मिळतात.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच उदाहरण. 2014 मध्ये तिथल्याच 15 लॉ स्कूल्सनी विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि व्यसनं यावर एकत्र सर्व्हे घेतला, 3,300 हून जास्त मुलांनी उत्तरं दिली. त्यातल्या 42 टक्के मुलांना मागच्या वर्षभरात कधीतरी वाटलं होतं की आपल्याला मदतीची गरज आहे, आणि प्रत्यक्षात समुपदेशन घेतलं होतं त्यातल्या साधारण निम्म्यांनीच. का घेतलं नाही तर एक मोठं कारण निघालं भीती, की वकिलीच्या परवान्याच्या अर्जात याबद्दल विचारतील आणि परवानाच अडकेल. आता हे एकाच कॉलेजात दिसलं असतं तर डीनने फार तर समुपदेशक वाढवले असते आणि मुलं तरीही गेली नसती, कारण अडचण कॉलेजच्या बाहेर होती, परवाना देणाऱ्यांच्या अर्जात. 15 कॉलेजांत तेच दिसल्यावर ते झाकता येत नाही. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेनेही 2015 मध्ये म्हटलं की परवान्याच्या अर्जातले मानसिक आजाराच्या इतिहासाबद्दलचे प्रश्न काढून टाका, आणि पुढे बऱ्याच राज्यांनी ते काढले किंवा बदलले. एकत्र डेटा हवा तो यासाठी!

आता भीतीचं. ती खोटी नाहीये, तिला हसण्यावारी नेऊ नका. फॉर्मवर नाव नसलं म्हणजे माणूस ओळखू येत नाही असं अजिबात नाही. लताण्या स्वीनी या संशोधक बाईंनी अमेरिकेच्या 1990 च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून तिथल्या 87 टक्के लोकांना बहुतेक वेगळं काढता येईल. लॉ कॉलेजचा वर्ग तर लहानसा असतो, तिसरं वर्ष, मुलगी, चाळिशीच्या पुढची, नोकरी करून शिकणारी, एवढं सांगितलं की सगळ्या वर्गाला कळतं कोण ते. शिवाय बऱ्याच सर्व्हेत प्रत्येकाला वेगळी लिंक येते म्हणजे कुणी भरलं कुणी नाही हे कुठेतरी नोंदलं जातंच.

म्हणून लेखी घ्यायचं ते हे. एकेका मुलाच्या उत्तरांची फाइल कुठल्याच कॉलेजच्या हातात जाणार नाही, ती तिसऱ्याच तटस्थ संस्थेकडे राहील आणि कॉलेजांना फक्त एकत्र केलेले आकडे मिळतील. एखाद्या गटात मोजकीच मुलं असतील तर त्या गटाचा आकडा वेगळा दाखवायचा नाही (किमान किती ते करारात ठरवा, आयत्या वेळी नको). मोकळ्या जागेत मुलं जे स्वतःच्या शब्दांत लिहितात ते तर शेअर करूच नका, लिहिण्याच्या ढबीवरून शिक्षक ओळखतात हो. डेटा कधी पुसणार ती तारीख घ्या. आणि एक गोष्ट सगळे विसरतात, निकाल विद्यार्थ्यांनाही दाखवायचा. दरवर्षी भरून घेतात आणि पुढे काय झालं कुणी सांगतच नाही, मग मुलं वैतागून भरायचं सोडतात आणि थोड्याच जणांनी भरलेला सर्व्हे कशाच्याच कामाचा राहत नाही.

हे द्यायला कॉलेज नाही म्हणालं तर मुलांनाही नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, आणि प्रतिनिधी म्हणून ते तुम्हीच सांगायला हवं.

प्रश्न : मी लॉ कॉलेजात शिकवते. अशा एकत्र सर्व्हेत आमचे आकडे सगळ्यात खाली आले तर बदनामी होईल म्हणून आमचे वरिष्ठ तयार नाहीत. काय सांगू?

उत्तर : मॅडम, त्यांची भीती रँकिंगची आहे, म्हणून करारातच घाला की कॉलेजच्या नावानिशी आकडे बाहेर जाणार नाहीत आणि कुणीही ते जाहिरातीत वापरणार नाही, पहिला आलेला सुद्धा नाही. आकड्यांची शर्यत झाली की काय होतं ते दिसलंय, नोव्हेंबर 2022 मध्ये येल आणि हार्वर्डच्या लॉ स्कूल्सनी यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या कॉलेज रँकिंगला माहिती देणंच बंद करतो म्हणून जाहीर केलं, आणि ही तर वरच्या नंबरातली कॉलेजं. शिवाय तुमच्याकडे नोकरी करणारी मुलं जास्त असतील तर अभ्यासाचे तास कमी दिसणारच, त्यात शिक्षकांचा काय दोष, म्हणून तुलना सरसकट सरासरीची नको, नोकरीवाल्यांची नोकरीवाल्यांशी करा. वरिष्ठांना सांगा की पहिल्या वर्षी दोन-तीन सारख्या कॉलेजांबरोबर थोडेच प्रश्न घेऊन करून बघू, आणि ते प्रश्न ठरवायला विद्यार्थ्यांनाही बसवू.