भाड्याची गाडी, मालवणातला जॅमर आणि अडकलेलं डिपॉझिट

नमस्कार, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही पुण्यातून ॲपवर सेल्फ ड्राइव्ह गाडी घेऊन मालवणला गेलात, रात्री साडेनऊला बाजारात बंद दुकानांसमोर गाडी लावली कारण होमस्टेवाले काका म्हणाले "लावा हय, काय होवचा नाय", आणि सकाळी साडेआठला बघता तर चाकाला जॅमर. पोलिसांनी ५०० चं ई-चलन फाडलं, जॅमर काढला, विषय संपला असं वाटलं. तीन आठवड्यांनी कंपनीचा हिशोब आला: चलन ५००, चलन हाताळणी ५००, 'पार्किंग नियमभंग दंड' ५,०००, मागच्या बंपरवर ओरखडा २,०००. ५,००० चं डिपॉझिट गिळून वर अजून ३,००० मागतायत, नाही दिले तर एफआयआर आणि सिबिल (कर्जासाठी बघतात ती पत-नोंद) खराब करण्याची धमकी.

आधी तुमच्या मनाविरुद्धचं सांगून टाकतो. चलन तुमचंच आहे, त्यावर भांडू नका. तुम्ही लिहिलंय की तिथे नो पार्किंगचा बोर्डच नव्हता, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ला बोर्ड लागत नाही, गाडी अशी लावली की लोकांना अडथळा किंवा त्रास होतोय एवढं पुरतं, आणि मालवणचा बाजार म्हणजे समोरून टेम्पो आला की स्कूटरवाल्याला दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं, तिथे सकाळी मासळीच्या वेळेला उभी गाडी म्हणजे अडथळाच. जॅमरचं म्हणाल तर कलम १२७ मध्ये आहे, गाडी सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस किंवा जवळ कुणी नसताना उभी राहिली तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती टो करायला किंवा चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो. साडेनऊ ते साडेआठ, अकरा तास झाले, तुमच्याच मेसेजमधल्या वेळा आहेत. काकांना कोर्टात खेचता येत नाही, पुढच्या वेळी त्यांच्याच अंगणात लावायला सांगा.

चलन गाडीच्या नंबरवर म्हणजे मालकाच्या नावाने पडतं, मालकाने ते भरून तुमच्याकडून वसूल करणं यात गैर काही नाही. हाताळणीचे ५०० तुम्ही टिक केलेल्या अटींमध्ये असतील तर माझ्या मते सोडून द्या, त्यासाठी डोकं खर्च करू नका.

खरी लढाई त्या ५,००० ची आहे. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणजे तो आपोआप वसूल होतो असा कंपन्यांचा (आणि बऱ्याच ग्राहकांचाही) समज असतो, तो चुकीचा आहे. करार कायदा १८७२ चं कलम ७४ म्हणतं की करार मोडल्यावर मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. सुप्रीम कोर्टाने २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) या खटल्यामध्ये स्पष्ट सांगितलंय की नुकसानच झालं नसेल तर कलम ७४ खाली भरपाई मागता येत नाही. आता कंपनीला विचारा, जॅमरमुळे तुमचं नेमकं काय नुकसान झालं? चलन मी दिलं, हाताळणी मी दिली, गाडी वेळेत परत केली, मग हे ५,००० कशाचे? उत्तर येणार नाही बघा.

बंपरचं एका वाक्यात, गाडी घेताना काढलेला व्हिडिओ तुमच्याकडे आहे म्हणालात, तो आणि त्यांचे परतीच्या वेळचे फोटो शेजारी ठेवा आणि गॅरेजचं बिल मागा, अंदाजपत्रक नको, बिल.

एफआयआरला घाबरू नका, हा पैशाचा दिवाणी वाद आहे, वसुली करून देणं पोलिसांचं काम नाही. सिबिलला माहिती देतात बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्था, गाडी भाड्याने देणारा दुकानदार नाही. पण ॲपमध्ये कार्ड किंवा ऑटोपे सेव्ह असेल तर ते आजच काढा, वाद मिटायच्या आधी ३,००० परस्पर कापले गेले तर परत मिळवायला दुप्पट त्रास.

मग ईमेल करा, फोन नको. चलनाची प्रत, दंडाचं करारातलं कलम, बंपरचं बिल हे मागा आणि पंधरा दिवस द्या. वकिलाची नोटीस लागत नाही, माझी फी वाचवा. उत्तर नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे म्हणजे पुण्यातच केस टाकता येते, मालवणला किंवा कंपनीच्या ऑफिसच्या गावी जायची गरज नाही, ५ लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या होतं. करारात लवादाची (वाद कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे नेण्याची) अट असली तरी आयोगाचा रस्ता बंद होत नाही. फक्त एक काळजी घ्या, तक्रारीत 'अनुचित करार' असा शब्द घालू नका, तो विषय राज्य आयोगाकडे जातो, 'सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा' असं लिहा.

आता ते जे तुम्ही जाता जाता लिहिलंत, की नंबर प्लेट पांढरी होती. अहो, तेच तर मोठं आहे. सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी प्लेट म्हणजे कुणाची तरी खाजगी गाडी, परमिटशिवाय भाड्याने फिरवलेली, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ए खाली पहिल्या वेळी दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या कलमात गाडी वापरू देणाऱ्याबरोबर चालवणाराही येतो. वर खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर चालत नाही, आंबोली किंवा करूळ घाटात काही झालं असतं तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनीने नाकारला असता आणि हेच लोक तुमच्या मागे लागले असते. प्लेटचा फोटो असेल तर ईमेलला जोडा, सोबत आरसीची प्रत आणि परमिटही मागा. धमकी नको, फक्त मागणी. माझा अंदाज, हे वाचल्यावर ३,००० ची आठवण त्यांना राहणार नाही.

आणि ईमेल पाठवायच्या आधी महाट्रॅफिकच्या (महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या) साईटवर चलन नंबर टाकून बघा ते भरलंय का. तुमच्याकडून ५०० कापले आणि तिथे अजून अनपेड दिसत असेल तर तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा आणि तक्रारीला पहिला तोच कागद लावा.