श्रावणातली ती फिट

सिडकोतल्या एका ताईंनी लिहिलंय: ‘मिस्टर बारा वर्षं रोज पितात. अंबडच्या कंपनीतली नोकरी अजून टिकून आहे. नाशिकमध्ये परवाना असलेला व्यसनमुक्ती समुपदेशक कसा शोधू? मनाचे ते पक्के आहेत, दर श्रावणात सोडतात. गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी उपवासामुळे फिट आली, तेवढंच. येत्या मंगळवारी वणीच्या गडावर नेऊन शपथ घालणार आहे. त्या दिवसापासून थेंबही नाही.’

ताई, त्या ‘तेवढंच’नं माझ्या पोटात गोळा आला. उपवासाला कशाला बोल लावता? रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते. पुढे भास होतात, माणूस बरळायला लागतो, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. आणि एकदा फिट येऊन गेली असेल तर पुढच्या वेळी धोका वाढतो. यात मनाच्या पक्केपणाचा काहीही संबंध नाही.

मंगळवारी गडावर जाऊ नका. सप्तशृंगी कुठे जात नाही. त्याआधी त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जा. सोडायची कशी, गोळ्या किती दिवस, भरती करायचं का, हे तिथले डॉक्टर ठरवतील. तोवर घरातली बाटली मोरीत ओतू नका. हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते. मधेच फिट आली तर थेट १०८.

समुपदेशक त्यानंतर, आणि तो लागेलच. ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावतं, म्हणून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. केंद्रात ठेवायची वेळ आली तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हणा. दाखवायला का-कू करतील तिथून उठून या. आतल्या माणसाला भेटू देत नाहीत तिथे तर पाऊलच ठेवू नका.

मिस्टर यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा. फिट कोणत्या दिवशी आली, किती वेळ होती, त्याआधी शेवटची कधी घेतली होती, हे आज रात्रीच कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर बसलात की आधी तो कागद पुढे करा, बारा वर्षांची कहाणी मागाहून.