हद्दीवरचं झाड

प्रिय मुली,

लायबेरियाच्या राजधानीत, मोनरोव्हियाला पोहोचल्याचा निरोप मिळाला. पुढच्या आठवड्यात जमिनीच्या तंट्यांच्या कामाला निंबा काउंटीत जाणार आहेस, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आपल्याकडे जमिनीचा तंटा म्हटला की हात आधी सातबाऱ्याकडे जातो. तिथे ती सवय सोड. १९८९ ते २००३ या काळात लायबेरियात दोनदा यादवी झाली. माणसं जीव घेऊन शेजारच्या गिनी देशात पळाली, कागद जळाले. उरलेल्या दस्तांत खरे कोणते, खोटे कोणते, हे नुसतं वाचून कळत नाही.

२०१८चा जमीन हक्क कायदा मात्र नीट वाच. गावाच्या वहिवाटीची जमीन गावाच्या मालकीची, हाती दस्त असो वा नसो, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. त्याआधी सरकार अशी जमीन आपलीच समजून कंपन्यांना देत आलं होतं.

पण हद्द कायदा दाखवत नाही. मी एकदा दोन गावांच्या हद्दीवर गेलो होतो. पुरुषमंडळी सकाळपासून हमरीतुमरीवर आली होती. पाणी घेऊन आलेली एक म्हातारी काही न बोलता झुडपात शिरली आणि एका झाडाला हात लावून उभी राहिली. सोप ट्री. तिकडे हद्दीवर ते मुद्दाम लावतात. वाद तेवढ्यावर मिटला नाही, पण दोन्हीकडचे लोक पुढची झाडं शोधायला लागले. तिला विचारावं हे मला सुचलंच नव्हतं, याची खंत अजून आहे. गावाच्या जमीन समितीत स्त्रिया, तरुण आणि पुरुष सारखे असावेत असं कायदा सांगतो. बायका नुसत्या बसल्यात की बोलतायत, ते तू बघ.

गांटा शहरातलं काम जड जाईल. युद्धात पळालेली मांडिंगो जमातीची कुटुंबं परतली, तर त्यांच्या जागांवर दुसऱ्यांची घरं उभी होती. त्या घरांतही युद्धाने पोळलेलीच माणसं राहतात. ‘घुसखोर’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नकोस. दोन्ही उंबऱ्यांवर जा.

वकील बहुतेक राजधानीत, तारखेला जायचं तर भाड्याचे पैसे नाहीत. त्यामुळे लोक पलावा हटमध्ये, म्हणजे गावाच्या बैठकीच्या झोपडीत, वडीलधाऱ्यांपुढे बसतात, आणि पुष्कळदा तेच बरं असतं. विधवेला दिराने घराबाहेर काढलं असेल तर मात्र तिला तडजोडीत ढकलू नकोस. रूढीने लग्न झालेल्या बाईलाही नवऱ्याच्या मालमत्तेत कायद्याने वाटा आहे. तिच्याबरोबर कोर्टाची पायरी चढ.

पावसाळ्यात रस्ते चिखलात जातात, गमबूट घे. आणि पहिलं सोप ट्री तुला कोणी दाखवलं, ते कळव.

तुझा,
काका