बांध दरवर्षी का फुटतो?

प्रश्न : बालाघाटच्या पायथ्याला आमची तीन एकर उताराची जमीन आहे. सोयाबीन घेतो. दर पावसाळ्यात खालचा बांध फुटून माती ओढ्याला जाते. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडलाय. दोनदा जेसीबी लावून बांध उंच केला, तरी तेच. काय करावे?

उत्तर : बांध आणखी उंच करू नका. एका एकरावर इंचभर पाऊस म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी. तुमच्या रानात न मुरलेलं सगळं पाणी त्या एका बांधाला येऊन टेकतं आणि उंदराचं नाहीतर खेकड्याचं बीळ सापडलं की तिथूनच खिंडार पाडतं. आधी बांधाला सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, द्या. बांधाच्या एका टोकाला, कठीण जागी, माथ्यापेक्षा वीत-दीड वीत खाली, आणि पाणी पडतं तिथे खाली दगडांची पिचिंग, म्हणजे दगड बसवून केलेलं अस्तर.

पण खरं दुखणं वर आहे. पेरणी उभी करता की आडवी? पट्टी लांबट असली की ट्रॅक्टरवाला लांबीनेच पेरतो, कारण वळणं कमी पडतात. लांबी उताराच्या दिशेने असेल, तर पेरणीची प्रत्येक ओळ म्हणजे पाण्याला आयता पाट. शे-दोनशे रुपये जास्त द्या, पण उताराला आडवंच पेरून घ्या. आडवी ओळ डोळ्याने ठरवू नका, गवंड्याकडची लेव्हलची नळी आणून खुणा करा. पीक महिन्याभराचं झालं की दर चार ओळींनंतर मृत सरी, म्हणजे पाणी अडून मुरायला रिकामी सरी, काढा. त्यासाठी पेरतानाच तेवढी जागा मोकळी सोडा.

एकदा मोठा पाऊस उघडल्यावर सोयाबीनच्या खालच्या पानांना हात लावून बघा. मातीचे शिंतोडे लागतील. धूप तिथे, उघड्या मातीवरच्या थेंबांच्या माऱ्यानेच सुरू होते, ओघळ नंतर दिसते. पीक रान झाकेपर्यंतचे चाळीसेक दिवस सगळ्यात धोक्याचे. तेवढ्या दिवसांत एकरातून एक मिलिमीटर थर गेला तरी चार घनमीटर, म्हणजे पाचेक टन माती गेली. तीही वरची, तुम्ही डीएपी खत टाकलेली. म्हणून मधे मधे मटकी किंवा हुलग्याचे आडवे पट्टे घ्या, हे वेल जमीन लवकर झाकतात.

मुरूम उघडा पडलेल्या जागी सोयाबीनचा हट्ट सोडा. ओढ्यात साचलेला गाळ उन्हाळ्यात परत वर आणून टाका, शेणखत घाला आणि दोन वर्षं हुलगा घ्या.

आणखी एक, जरा नाजूक. भावकीचा बांध दोन्हीकडून नांगराने कोरायची आपल्याकडे जुनी खोड आहे. फाळभर रान मिळतं आणि बांध मात्र चाकूसारखा होतो. असला बांध पहिल्याच पावसात बसतो. शेजाऱ्याशी बोलून दोघांनीही हातभर जागा सोडा आणि पहिल्या पावसात बांधावर मारवेल गवताची ठोंबं फूटफूट अंतरावर लावा. पहिलं वर्ष गुरं सोडू नका. दुसऱ्या वर्षापासून गवत कापून गुरांना घाला.