चाचणीचा नग आणि विक्रीचा नग

आपण विचारले आहे की, स्वतः तयार केलेला बॅटरीवरचा फवारणी पंप कार्यशाळेत तीन महिने बिनतक्रार चालला असेल, तर तो आता विक्रीस काढावा का. माझ्या मते अजून काढू नये, आणि चाचणीतला नग नेमका कसा होता हे आधी पाहावे.

कॉमेट हे ब्रिटिश जेट विमान १९५२ मध्ये प्रवासी सेवेत आले. उंचावर अशा विमानात आतून हवेचा दाब द्यावा लागतो, म्हणून निर्मात्यांनी त्याच्या सांगाड्याच्या एका भागावर १६,००० वेळा दाब चढवून-उतरवून पाहिला होता. तरीही जानेवारी १९५४ मध्ये जे विमान हवेत फुटले, त्याची जेमतेम १,२९० उड्डाणे झाली होती. चाचणीतल्या त्याच भागाला आधी मजबुती तपासण्यासाठी नेहमीच्या दुप्पट दाब दिला गेला होता, त्यामुळे खिडक्या आणि रिव्हेटच्या छिद्रांच्या कडांचा धातू किंचित ताणला गेला आणि तिथे तडा पडणे लांबले. प्रवासी नेणाऱ्या विमानांना हे बळ लाभले नव्हते. पुढे ब्रिटनमधल्या फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात सेवेतलेच एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून, दाब चढवून-उतरवून तपासले, तेव्हा पूर्वीची उड्डाणे धरून दाबाच्या सुमारे ३,००० फेऱ्यांनंतर ते फाटले.

कृषी अवजारे तपासताना मी हीच चूक केली आहे. आमचा पंप स्वच्छ पाण्यावर आठवडेच्या आठवडे चालला, पण दरम्यान आम्ही तो कितीदा उघडला, वॉशर बदलले, स्क्रू आवळले, याची नोंदच नव्हती. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक भरल्यावर दुसऱ्याच दिवशी गाळणीवर मोरचूद-चुन्याचा निळसर साका बसला आणि मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली.

म्हणून उत्पादनातून न निवडता उचललेले पंधरा-वीस सीलबंद नग वेगवेगळी पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांना द्यावेत, सोबत छापील माहितीपत्रकाखेरीज एक शब्दही सांगू नये, आणि पूर्ण हंगाम जाऊ द्यावा. चार्जिंग त्यांच्याच घरच्या कमी-जास्त होणाऱ्या विजेवर होऊ द्यावे, पंप बांधावर उन्हात राहिला तर राहू द्यावा. बंद पडलेला नग शेतावर दुरुस्त करण्याचा मोह फार होतो, विशेषतः शेतकऱ्याची फवारणी अडलेली असताना. त्याला लगेच दुसरा नग द्यावा आणि बिघडलेला, टाकीतल्या उरलेल्या द्रावणासह, जसाच्या तसा कार्यशाळेत आणावा.