डेक चिलखती असूनही दुसऱ्या महायुद्धातली जपानी विमानवाहू नौका 'तायहो' एकाच टॉर्पेडोत कशी बुडाली? डिझाइनच गंडलं होतं का?

टॉर्पेडोने नाही बुडाली हो. पेट्रोलच्या वाफेने बुडाली, आणि ती वाफ जहाजभर फिरवली त्यांच्याच माणसांनी.

डेकवर ७५ मिमी चिलखत होतं, ५०० किलोचा बॉम्ब झेलायच्या हिशोबाने. पण टॉर्पेडो येतो पाण्याखालून, तिथे डेक काय करणार. १९ जून १९४४ ला सकाळी आठच्या सुमारास अमेरिकेच्या अल्बाकोर पाणबुडीने सहा टॉर्पेडो सोडले, त्यातल्या एकावर कोमात्सु नावाच्या नुकत्याच उडालेल्या वैमानिकाने विमानच घातलं, आणि जहाजाला लागला फक्त एक. जहाज त्यानंतरही २६ नॉट्सने पळत होतं. विमानं वर-खाली नेणारी पुढची लिफ्ट मध्येच अडकली तर वर फळ्या ठोकून पुन्हा विमानं उडवायला लागले. पण खाली पेट्रोलची टाकी तडकलेली, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आणि पेट्रोल साचलेलं, हँगर चारही बाजूंनी बंद. मग वास जावा म्हणून हुकूम निघाला, पंखे सुरू करा, झडपा उघडा. एका कोपऱ्यातली वाफ अख्ख्या जहाजात. दुपारी अडीचला स्फोट झाला आणि तोच चिलखती डेक खालून फुगून वर आला.

हे मला एवढं का झोंबतं ते सांगतो. मी अंबड एमआयडीसीत पेंट शॉपला होतो. एकदा सेकंड शिफ्टला थिनरचा ड्रम कलंडला आणि सगळा माल कन्व्हेयरच्या पिटमध्ये उतरला. थिनरची वाफ जड असते, खालीच बसते, उभं राहिलं तर फार वास नाही पण वाकलात की डोळे चुरचुरतात. मी म्हटलं साहेब, आधी माणसं बाहेर काढा, मेन स्विच बाहेरून पाडा, कशाला हात लावू नका. साहेब म्हणाले, "अरे वास मारतोय, तो पेडेस्टल फॅन लाव पिटकडे तोंड करून, आज डिस्पॅच आहे." मी नाही लावला. हेल्परने लावला, तोही साधा फॅन, बटणाला टेप गुंडाळलेली. भप्पकन झालं. पोराच्या भुवया गेल्या, उजव्या हाताची कातडी सोलली, नशीब की पिटमध्ये कोणी उतरलं नव्हतं. आणि मेमो कोणाला? मला. 'वरिष्ठांच्या सूचनेचे पालन केले नाही.'

म्हणून कोणी 'जपान्यांचं डिझाइन भंगार' म्हटलं की डोकं फिरतं. डिझाइनमध्ये चूक होती, टाकीचा धक्का लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत पोचायलाच नको होता. पण साडेसहा तास हातात होते! अमेरिकेची विमानवाहू नौका लेक्सिंग्टन मे १९४२ मध्ये अशाच वाफेने गेली, तर महिन्याभरात मिडवेच्या लढाईत त्यांच्याच यॉर्कटाउन नौकेवाल्यांनी हल्ल्याआधी पेट्रोलच्या लाइनी रिकाम्या करून कार्बन डायऑक्साइड भरला होता. जपान्यांनी शिकून शिनानो या पुढच्या विमानवाहू नौकेत टाक्यांभोवती काँक्रीट ओतलं, तोवर नोव्हेंबर १९४४ उजाडला, आणि ती नौदलात आल्यापासून दहाव्या दिवशी बुडालीच, चार टॉर्पेडो खाऊन.

हां, एक सांगायचं राहिलं, पंखा लावणं दरवेळी चूकच असं नाही. फ्लेमप्रूफ मोटर (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारी) असेल आणि हवा थेट बाहेर फेकत असेल तर लावायलाच हवा. आणि तायहो नौदलात येऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते, कर्मचारी नवखे, सगळं खापर त्या एका हुकुमावर फोडणंही बरोबर नाही. तरी फोडतोय.

साहेब आता रिटायर झालेत. लग्नाकार्यात भेटले की अजून म्हणतात, फॅन जुना होता म्हणून झालं.