‘मुलीला मॉडेलिंग करू द्यावे का?’

लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या एका मराठी आईने समुपदेशनाच्या व्हिडिओ कॉलवर मला पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, या नादाला लागून मुलगी हातची तर जाणार नाही ना?” तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीला बाजारपेठेतल्या गर्दीत एका मॉडेल एजन्सीच्या बाईंनी थांबवून कार्ड दिले होते. आईने ते देव्हाऱ्याखालच्या खणात दडवले, मुलीने शोधून काढले आणि तेव्हापासून दोघींत अबोला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वादाचा विषय मॉडेलिंग असला तरी दोघींच्या तोंडी नाव एकच होते, ब्रिटिश मॉडेल केट मॉस. आईला 2005 मधले अमली पदार्थांचे प्रकरण आणि त्यामुळे हातचे गेलेले करार तेवढे आठवत होते. मुलीला दिसत होते ते दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या साध्या घरातून येऊन तीन दशके टिकलेले यश. मधले काय झाले, हे दोघींपैकी कोणीच पाहिले नव्हते, म्हणून मी तेच समोर ठेवले.

1974 मध्ये जन्मलेल्या केटला 1988 मध्ये, चौदाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या विमानतळावर ‘स्टॉर्म’ एजन्सीच्या सारा डूकस यांनी हेरले. पंधराव्या वर्षी एका कॅटलॉगच्या कामासाठी गेली असता तिथल्या पुरुषाने कपडे उतरवायला सांगितले, तेव्हा आपले सामान उचलून ती पळून आली, असे तिने 2022 मध्ये बीबीसी रेडिओवर सांगितले. त्याच मुलाखतीत मात्र तिने हेही सांगितले की, ओळखीच्या छायाचित्रकाराने पुढचे काम देणार नाही असे बजावून तशीच मागणी केली, तेव्हा ती रडली, पण नकार देऊ शकली नाही. पुढे 1992 मध्ये ‘केल्विन क्लाइन’च्या जाहिरातीच्या सुमारास तिला इतकी धास्ती बसली, की दोन आठवडे अंथरुणातून उठवत नव्हते, मनाची काळजी तिथे कोणीच घेत नाही, असे ती नंतर म्हणाली.

पालक सहसा परक्या माणसाला घाबरतात. माझ्या मते खरी अडचण पुढे असते, कारण परक्याला झिडकारता येते, पण ‘मी तुला घडवले’ म्हणणाऱ्याला नाही म्हणताना मोठ्यांचीही जीभ अडखळते. हे मुलीला नुसते समजावून भागणार नव्हते, म्हणून आम्ही प्रसंग रंगवून पाहिले. मी अनोळखी माणूस झाले, तेव्हा तिने ठसक्यात “मला जमणार नाही” असे सुनावले. मग मी प्रेमळ छायाचित्रकार झाले आणि म्हटले, “तुझ्यासाठी मी एवढी धडपड केली, आणि तू एवढ्याशासाठी अडून बसतेस?” ती गप्प झाली आणि स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढू लागली. आईने तिला असे कधी पाहिले नव्हते.

त्यानंतरचे बोलणे व्यवहारी झाले. इंग्लंडमध्ये शाळा सोडण्याच्या वयापर्यंत अशा सशुल्क कामासाठी स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि कामाच्या जागी मुलीबरोबर पालक किंवा कौन्सिलने मान्य केलेली जबाबदार व्यक्ती असावी लागते. नोंदणीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या एजन्सीकडे फिरकू नये, हेही सांगितले. प्रामाणिक एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन घेते. आईची मागणी होती की मुलीने सगळे तिलाच सांगावे. मी तसा आग्रह धरू नका म्हटले. आईला सांगायची लाज वाटेल अशा गोष्टींसाठी मुलीने मावशीचे नाव सुचवले, आणि मावशीने फोन आल्यास कारण न विचारता न्यायला येण्याचे कबूल केले. निरोपाचा सांकेतिक शब्दही ठरला: “डबा विसरले.”

सध्या ती शाळेच्या सुट्टीत मुलांच्या कपड्यांच्या कॅटलॉगची कामे करते, आणि आई सेटवर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असते. वडील अजून या विषयावर बोलत नाहीत. पुढचे सत्र त्यांच्यासोबत आहे.